कुलपावर सरकारी शिक्का, चावी ड्रॉवरात

मे महिन्यात देवगडला गेलो होतो. आंबे संपत आलेले, उकाडा असा की पडवीत नुसतं बसलं तरी शर्ट पाठीला चिकटतोय. दादाला टेंडर भरायचं होतं (दादा म्हणजे चुलतभाऊ, जिल्हा परिषदेची छोटी कामं घेतो, साकव, शाळेची दुरुस्ती वगैरे), म्हणून त्याच्या मागे बसून कणकवलीला गेलो. ऑनलाइन टेंडर भरून देणाऱ्याचं ऑफिस, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, वर गरगरणारा पंखा. त्या माणसाने ड्रॉवर ओढला तर आत मिठाईच्या खोक्यात डिजिटल सहीचे तीस-चाळीस डोंगल (पेनड्राइव्हसारखे दिसतात), प्रत्येकाला रबरबँडने चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर कंत्राटदाराचं नाव आणि खाली पिन. बऱ्याच जणांचा पिन एकच, १ ते ८.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, दादा, ही तुझी सही ना, मग याच्या ड्रॉवरात कशी? "मगे खय ठेवू? सगळ्यांची थयच आसतत. माका काय कळता त्यातला."

गंमत अशी की माझं पोट याच गोष्टीवर चालतं. ओटावात ज्या कंपनीत आहे तिथे आम्ही मोठमोठ्या संस्थांचा डेटा सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवतो, आणि सरकारी खात्यांना ते विकायचं तर आतलं सगळं क्रिप्टो (बिटकॉइनवालं नव्हे, मजकूर कुलूपबंद करणारं, म्हणजे एन्क्रिप्शन वगैरे) फिप्स १४० नावाच्या स्टँडर्डमधून पास झालेलं लागतं. स्टँडर्ड अमेरिकेच्या निस्टचं (मानकं ठरवणारी तिकडची सरकारी संस्था), पण तपासणीचा कारभार १९९५ पासून अमेरिका आणि कॅनडा भागीत चालवतात. मान्यताप्राप्त लॅब तपासते, मग सर्टिफिकेट नंबर मिळतो, आणि तो नंबर यादीत कोणीही जाऊन बघू शकतो. आता आपल्याकडच्या डिजिटल सहीच्या डोंगललाही नियमाने फिप्स १४०-२ (त्याच स्टँडर्डची आवृत्ती) लेव्हल २ लागतं, म्हणजे त्या मिठाईच्या खोक्यातला माल एक नंबर होता. प्रायव्हेट की (सही करणारी गुप्त चावी) डोंगलच्या आतच तयार होते, कॉपी करून बाहेर काढता येत नाही, कोणी फोडायला गेला तर खूण राहते. आणि पिन चिठ्ठीवर.

हे लिहायचं कारण आमच्या घरच्या ग्रुपवरचं भांडण. डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, तेव्हापासून हे चालूच आहे. पुण्यातला भाचा म्हणतो नियमात नुसतं एन्क्रिप्शन करा म्हटलंय, कोणतं, कोणी तपासलेलं, काही नाही, आणि दंड मात्र २५० कोटींपर्यंत, त्यापेक्षा सरळ फिप्स सक्तीचं करा. रिटायर झालेले काका म्हणतात अमेरिकेचा शिक्का कशाला, यूपीआय आपण केलं तर हेही करू. मग कोणीतरी झेंडे टाकतं आणि मूळ विषय वाहून जातो. दोघांनी मला टॅग करून ठेवलंय, परदेशातला म्हणजे जज्ज असं काहीतरी.

भाच्याचा मुद्दा मला पटतो, आणि तो हापूस विकणाऱ्या घरात समजवायला काही कठीण नाही. पेटीवर देवगड हापूस छापलेलं असतं, आत कर्नाटकचा आंबा निघतो, म्हणून तर २०१८ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळवला. आमच्या धंद्यात हेच. 'फिप्स कम्प्लायंट' असं ब्रोशरवर कोणीही छापतं, आमच्या सेल्सवाल्यांनीही छापलं होतं, मग गिऱ्हाईकाने सर्टिफिकेट नंबर विचारला आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. एईएस (एन्क्रिप्शनची रोजच्या वापरातली पद्धत) वापरणं वेगळं आणि एईएसचं तपासून पास झालेलं मॉड्यूल, म्हणजे प्रत्यक्ष एन्क्रिप्शन करणारा भाग, वापरणं वेगळं. निस्टची भूमिका तर इतकी कडक की न तपासलेल्या मॉड्यूलने एन्क्रिप्ट केलेला डेटा त्यांच्या लेखी उघडाच. तो व्यवहार आठ महिने लटकला, आणि नाही म्हणणारा माणूस कोण तर खरेदी विभागातला एक साधा कर्मचारी, ज्याला क्रिप्टोतलं ओ की ठो कळत नव्हतं, त्याच्या फॉर्ममध्ये एक रकाना रिकामा होता इतकंच. मला तिकडचं काही आवडत असेल तर हा रकाना.

ते आठ महिने काय केलं ते ऐका. फिप्स मोड चालू केला आणि सॉफ्टवेअर उठेचना. कोणीतरी पंधरा वर्षांपूर्वी दोन फायली सारख्या आहेत का बघायला एमडी५ (फाईलचा ठसा काढायची जुनी पद्धत) वापरलेलं, त्यात सिक्युरिटीचा संबंधही नाही, पण मॉड्यूल एमडी५ चं नाव काढू देत नाही. ते काढलं तर जावाचा जुना कीस्टोअर (चाव्या ठेवायची फाईल) नको म्हणाला. तो बदलला तर पासवर्ड किमान १४ अक्षरांचा पाहिजे म्हणून अडला, आणि आमच्या निम्म्या गिऱ्हाइकांचा होता आठ-नऊ अक्षरांचा. आणि हे सगळं करून जे पास झालेलं मॉड्यूल आत बसवलं ते बाजारातल्या नव्या आवृत्तीपेक्षा जुनं, कारण तपासणीच्या रांगेतच इतका वेळ जातो. त्यात बग सापडला तर? दुरुस्त केलंत तर ते सर्टिफिकेट असलेलं मॉड्यूल राहिलं नाही, नाही केलंत तर बग आहे. २१ सप्टेंबर २०२६ नंतर १४०-२ ची सगळी सर्टिफिकेटं हिस्टॉरिकल (जुन्यांच्या) यादीत जाणार, नव्या खरेदीला नवी आवृत्ती १४०-३ लागणार, म्हणजे पुन्हा रांग.

काकांचा संशयही अगदीच हवेतला नाही. ड्युअल ईसी नावाचा रँडम नंबर (यांच्यापासूनच चाव्या बनतात) काढायचा प्रकार निस्टच्याच शिफारशीत होता, त्यात अमेरिकन गुप्तहेरांनी मागचं दार ठेवल्याचा संशय होता, २०१३ च्या स्नोडेन प्रकरणात (त्याने अमेरिकेची गुप्त कागदपत्रं फोडली) तो आणखी बळावला आणि २०१४ ला निस्टने तो काढला. पण काका, ज्या एईएसला तुम्ही अमेरिकन म्हणता तो दोन बेल्जियन माणसांचा आहे. निस्टने जगभरातून अर्ज मागवले, पंधरा पात्र ठरले, सगळ्यांनी एकमेकांचे भर चौकात फाडायचा प्रयत्न केला, टिकला तो घेतला. आणि आपण स्वदेशी धोरण करायला गेलो तेव्हा काय केलं, तर सप्टेंबर २०१५ च्या मसुद्यात लिहिलं की लोकांनी एन्क्रिप्ट केलेल्या मजकुराची साधी प्रत ९० दिवस जपून ठेवावी. गदारोळ झाला, काही दिवसांतच मागे घेतलं, ते बरंच झालं.

कॅनडाचं मला म्हणूनच कौतुक वाटतं. शेजारी एवढा दांडगा, रोज त्याच्या नावाने बोटं मोडतात, पण या बाबतीत वेगळं स्टँडर्ड काढत बसले नाहीत, तपासणीच्या टेबलावर खुर्ची घेतली. सर्टिफिकेट द्यायचं की नाही यात यांचाही शब्द असतो. १४०-३ तर बराचसा आयएसओच्याच १९७९० स्टँडर्डवर उभा आहे आणि आयएसओत भारत आहेच. लॅब आपल्या, यादी उघडी, आणि रकाना रिकामा दिसला की खरेदी थांबवणारा कर्मचारी आपला, एवढं झालं तर कागदावर नाव कोणाचं यावर मी तरी भांडणार नाही.

आणि तिकडे सगळं धुतल्या तांदळासारखं आहे असं नाही हां. एका गिऱ्हाइकाकडे गेलो, सरकारीच, बॅकअप सगळा एन्क्रिप्ट केलेला, मॉड्यूल पास झालेलं, ऑडिटवाला खूश. चावी कुठाय विचारलं तर त्याच सर्व्हरवर एका प्रॉपर्टीज (सेटिंगच्या साध्या) फाईलमध्ये, आणि ती फाईलही रोज त्याच बॅकअपमध्ये जात होती. कुलूप लावून चाकरमानी मुंबईला जातो आणि चावी दारावरच्या कौलाखाली सरकवतो, तसं. कौलाखालची चावी निदान शेजारची काकू तरी येता-जाता बघते.

तर हे सगळं ज्ञान पाजळून मी दादाचा डोंगल घरी आणला. आपल्या आयटी कायद्याच्या ४२ व्या कलमात स्वच्छ लिहिलंय की प्रायव्हेट की स्वतःच्या ताब्यात ठेवायची जबाबदारी सहीवाल्याची, तेही त्याला वाचून दाखवलं. पिन बदलला, डोंगल वहिनीने दागिन्यांच्या डब्यात ठेवला, दादा काही बोलला नाही.

ओटावाला परतल्यावर नवव्या दिवशी पहाटे फोन. शाळेच्या छपराचं टेंडर उद्या दुपारी बंद होणार, दादाने डोंगल नेऊन दिला, ऑपरेटरने सवयीने जुना पिन टाकला, नाही झालं, परत टाकला, परत टाकला, आणि आता डोंगल लॉक झालाय. "तू काय केलंस रे त्या पिनाक?" मी अंथरुणात उठून बसलो आणि नवीन पिन सांगायला लागलो, पण आता त्याचा काही उपयोग नव्हता.