‘निवृत्त फौजदार’ यांना उत्तर

कॅलिफोर्नियात नागरिक नसलेल्यांनाही पोलीस होऊ द्यावं, हे मागच्या लेखात लिहिलं, त्यावर ‘निवृत्त फौजदार’ या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. तिच्यातलं हे वाक्य: “बाईसाहेब, ज्यांचे दोन्ही डगरींवर हात त्यांच्या कमरेला पिस्तूल लावायला निघालात, आधी स्वतः तिथल्या नागरिक व्हा, मग वर्दीवर बोला.” बाकी अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट, उमेदवारांची तपासणी, मुंबईतले बांगलादेशी, असं बरंच काही आहे.

मतभेदाला माझी ना नाही. पण वर्दीवर बोलायला परवाना लागतो आणि तो तुमच्या ठाण्यातून काढायचा असतो, ही माहिती नवीन. साहेब, मी पोलीस लाइनीत वाढले. वडील सोलापुरात हवालदार होते. गणपती असो, दिवाळी असो, ते बंदोबस्ताला आणि आम्ही घरी त्यांची वाट बघत. वर्दी काय असते ते फौजदाराने मला शिकवू नये. हवालदाराच्या घरात ते जरा जास्तच कळतं.

आता निष्ठा. मी नागरिकत्व घेतलेलं नाही, कारण इथलं, अमेरिकेचं, घेतलं की भारताचं जातं, आणि वडील हयात असताना तो पासपोर्ट परत करायचं मन होत नाही. हा आमचा घरचा प्रश्न. त्यावरून माझ्या निष्ठेचा पंचनामा तुम्ही घरबसल्या केलात, पंचही न बोलावता! ग्रीन कार्डवाला अमेरिकेच्या सैन्यात भरती होऊ शकतो, आणि राज्यघटनेच्या रक्षणाची शपथ घेतो ती इथे जन्मलेल्याचीच. अठरा ते पंचवीस वयाच्या ग्रीन कार्डवाल्या मुलांची नावं सक्तीच्या भरतीच्या यादीतही असतात. माझ्या थोरल्याचं आहे. लढाईवर पाठवायला तो चालतो, मग सिग्नल तोडणाऱ्याची पावती फाडायला का चालू नये?

शिवाय कॅलिफोर्नियात ग्रीन कार्डवाला आधीही पोलीस होऊ शकत होता, फक्त नागरिकत्वासाठी अर्ज केलेला असावा लागे. २०२२ च्या कायद्याने ती अट गेली आणि कामाचा कायदेशीर परवाना पुरेसा ठरला. ब्रिटनमध्ये कायम वास्तव्याची मुभा मिळालेला माणूस भारतीय पासपोर्टवर पोलीस होऊ शकतो. सिंगापूर पोलिसांत तर १९४९ पासून नेपाळहून आणलेल्या गुरख्यांची तुकडी आहे. तिथल्या चिनी, मलय, भारतीय वादात ते कुणाच्याच बाजूचे नाहीत, म्हणून तर विश्वासाचे. २०१८ मध्ये ट्रम्प आणि किम भेटले तेव्हा बंदोबस्ताला तेही होते. त्यांचे हात कुठल्या डगरीवर, ते तुम्हीच सांगा.

एक गोष्ट तुमची बरोबर. फोली विरुद्ध कॉनेली, १९७८. न्यूयॉर्क राज्य आपल्या राज्य पोलिसांसाठी नागरिकत्वाची अट घालू शकतं, असं सुप्रीम कोर्टाने म्हटलं आणि तो निकाल कायम आहे. मान्य. पण राज्याला अट घालता येते म्हणजे ती घातलीच पाहिजे असं नाही, एवढं तरी कलमं लावण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला सांगावं लागू नये.

मुंबईत बांगलादेशी फौजदार नेमायचा का, हा प्रश्न माझ्या लेखातून तुम्ही कसा काढलात ते तुम्हालाच ठाऊक. आयपीएसला भारतीय नागरिकच लागतो, आणि तो नियम बदला असं मी कुठेही लिहिलेलं नाही. राहिली तपासणी. मायदेशातली जुनी प्रकरणं इथून कशी खोदून काढणार, हे इथल्या खात्यांनी बघावं. त्यांना त्याचाच पगार मिळतो.

लहानपणी आईबापांबरोबर कागदपत्रांविना आलेल्या आणि ‘डाका’ (DACA) या योजनेखाली इथे तात्पुरतं राहायची, काम करायची मुभा मिळालेल्या मुलांनाही इलिनॉयने २०२४ पासून पोलीस भरतीचं दार उघडलं आहे. पुढचा लेख त्यावर आहे. रक्तदाबाची गोळी घेऊन वाचायला बसा.