गाभण डुकरिणीला लोह देऊन पिलांची कमतरता भागत नाही
‘गाभण मादीच्या खुराकात लोहाची पावडर घातली की पिलांना दुधातून मिळते, इंजेक्शन लागत नाही,’ हे डुक्करपालनावरच्या लेखातलं वाक्य कृपया दुरुस्त करा. लोह दुधात फारसं उतरतच नाही. पिलाला रोज ७ ते १० मिलिग्रॅम लागतं, दुधातून जेमतेम १ मिलिग्रॅम मिळतं. मातीत उकरणाऱ्या पिलांचं निभतं, सिमेंटच्या फरशीवर नाही. मग कान पांढरे पडतात, धाप लागते, वाढ खुंटते, हगवणीला तोंड द्यायची ताकद उरत नाही. तिसऱ्या दिवसाच्या आसपास मानेच्या स्नायूत २०० मिलिग्रॅम लोह आयर्न डेक्स्ट्रानच्या (लोहाच्या) इंजेक्शनने द्यावं. बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या येतात, म्हणून मिलिलिटरवर नाही, लोहाच्या मिलिग्रॅमवर हिशेब करा. मादीत ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम हे खनिज कमी असेल तर हेच इंजेक्शन पिलाला बाधू शकतं. मादीच्या खुराकात खरं लक्ष तिथे हवं.

आणखी एक राहिलंच. जळगाव-धुळ्याकडे सरकी ढेप हाताशी असते, गाईम्हशींना चालते म्हणून डुकरांनाही टाकली जाते. तिच्यातलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य लोहाला बांधून ठेवतं, हृदयावर घात करतं, शिवाय लायसिन (वाढीला लागणारा प्रथिनांचा घटक) हेही कमी. पिलांना ती नकोच, सोयाबीन ढेप द्या.