‘सिस्टिमने ठरवले’ हे उत्तर नव्हे

इंदूरच्या विजयनगरमधील कॉल सेंटरांत राबणारी आपल्या मराठी घरांतली मुले कामाचे गुण का कमी केले, पगार का कापला, पाळी का बदलली, असे विचारतात, तेव्हा साहेबांकडून दर वेळी ‘सिस्टिमने ठरवले’, म्हणजे कामावर नजर ठेवून गुण देणाऱ्या संगणक-यंत्रणेने ठरवले, एवढेच ऐकू येते, आणि याचा आता संताप येतो. युरोपीय संघाने कर्मचाऱ्यांच्या भावना टिपणाऱ्या यंत्रणांवर, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने मात्र नोकरीच्या कारणासाठी मालकाला संमतीविनाही माहिती वापरण्याची मुभा दिली (आणि संमती मागितली तरी नोकरदार नाही म्हणणार कसा?), पण यंत्राच्या निर्णयाची माणसाकडून फेरतपासणी मागण्याचा हक्क दिलाच नाही. कापलेल्या प्रत्येक रुपयाचे कारण लेखी मिळालेच पाहिजे, आणि त्याखाली जबाबदार माणसाची सही हवी.