पट ११, खर्च लाख: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. वाडीतल्या शाळेवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ११ पोरांना दोन शिक्षक, म्हणजे एका मुलामागे वर्षाला लाखाच्या वर खर्च, एवढं करून पाचवीतल्या निम्म्या मुलांना वाचता येत नाही, तेव्हा अनुदान मागत बसण्यापेक्षा शाळा बंद करा आणि मुलांना गाडीने मोठ्या शाळेत पाठवा. शिवाय ‘भावनेच्या भरात लिहू नका’. बरं, मग हिशेबच करू.

दोन शिक्षकांचा पगार मिळून महिन्याला एक लाख धरा. वर्षाला १२ लाख, भागिले ११, म्हणजे एक लाख नऊ हजार. तुमचा आकडा बरोबर आहे. पण शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक लागतात. उद्या याच दोघांपुढे ६० मुलं बसली तर दर मुलामागचा खर्च २०,००० वर येईल. गुरुजी तेच, पगार तोच. लाखाचा आकडा आमची वाडी ओस पडल्याचा आहे, शाळेच्या उधळपट्टीचा नाही. आणि वाडी ओस का पडली हे तुम्हा-आम्हा चाकरमान्यांच्या घरांना सांगायला नको.

त्या लाखातला एक रुपयाही शाळेच्या हातात येत नाही, हेही लक्षात घ्या. हातात येतं ते ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान. पट ३० पर्यंत असेल तर वर्षाला १०,०००. ३१ झाला की २५,०००. त्यातला किमान दहावा भाग स्वच्छतेवर खर्च करायचा. उरले ९,०००, म्हणजे महिन्याला ७५०. वीजबिल, खडू, हजेरीपत्रकं, प्रिंटरची शाई, नळाची तोटी सगळं त्यातच. शाळा व्यवस्थापन समितीत असल्यामुळे ते खर्चाचं रजिस्टर मी पाहतो. गेल्या वर्षी माकडांनी कौलं फोडली. शंभर मुलांच्या शाळेची कौलं काही वेगळ्या भावाने मिळत नाहीत. बदलायला लागलेले पैसे वर्गणीतून आले, मजुरी आम्हीच केली. त्यात ते अनुदान खात्यावर दिसतं तेव्हा आर्थिक वर्ष संपत आलेलं असतं आणि मग ३१ मार्चच्या आत पावत्या जमवायची धावपळ.

आता निकाल. ‘पाचवीतली निम्मी मुलं’ हे मीच लिहिलं होतं आणि ते तसं लिहायला नको होतं. पाचवीत मुलं आहेत दोन. मुलगी धडाधड वाचते. मुलगा चिरेखाणीवर काम करणाऱ्या कुटुंबातला, घरी कानडी बोलणारा, दिवाळीनंतर दाखल झालेला. त्याला नाव मराठीत लिहिता येत नव्हतं. शिमग्याच्या सुमारास तो एसटीची पाटी अक्षरं जोडून वाचायला लागला, ‘देवरुख’मधल्या रुकारापाशी अडला आणि स्वतःच हसला. तपासणीच्या तक्त्यात त्याच्यापुढे ‘परिच्छेद वाचन: नाही’ असंच आलं. झाले ५० टक्के. तो महिनाभर आधी गावी परतला असता तर आमचा निकाल १०० टक्के लागला असता! मोठ्या आकड्यांची गोष्ट वेगळी. ‘असर’ या शिक्षणाच्या स्थितीवरच्या २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात सरकारी शाळांतली तिसरीची जेमतेम २३.४ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. तिथे टक्का काहीतरी सांगतो. दोन मुलांच्या वर्गात तो काहीच सांगत नाही, वाईटही नाही आणि चांगलंही नाही.

गाडीचं म्हणाल तर कल्पना नवी नाही. २०२३ मध्ये शिक्षण खात्याने २० पर्यंत पट असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा करायचे प्रस्ताव मागवले, तेव्हा राज्यात अशा १४,७८३ शाळा निघाल्या आणि त्यांत १,८५,४६७ मुलं. दाखले दिले नंदुरबारमधल्या तोरणमाळ आणि पुण्याजवळच्या पानशेतच्या समूहशाळांचे. पण वाहतूक भत्ता मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त ६,०००. पहिली ते पाचवीचे कामाचे दिवस किमान २००, म्हणजे दिवसाला ३० रुपये, जाऊन येऊन. आमच्या घाटीवर कुठला रिक्षावाला या भावात येतो ते मला दाखवा. आणि पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी आलं की साकवापलीकडे, त्या छोट्या पुलापलीकडे, तोही येत नाही. कायदा पहिली ते पाचवीला एक किलोमीटरच्या आत शाळा म्हणतो ते उगाच नाही.

एक मात्र तुमचं बिनशर्त मान्य. ११ मुलांत कबड्डीचे दोन संघ होत नाहीत. चौथीत एकटीच असलेल्या मुलीला बरोबरीची मैत्रीण नाही, आणि हे कुठल्याही अनुदानाने भरून निघणारं नाही. ‘पैसे द्या, निकाल सुधारेल’ असा मागच्या लेखाचा सूर होता, तोही मागे घेतो. माझी मागणी त्याहून छोटी आहे: पट कितीही असो, छप्पर, वीज आणि पाणी यांचा खर्च वेगळा धरा आणि तो जूनमध्ये द्या.

तो खाणीवरचा मुलगा मे महिन्यात आई-वडिलांबरोबर गेला. दाखला नेलेला नाही, म्हणून पटावर अजून ११ च आहेत. गणपतीला तुम्ही गावी याल तेव्हा शाळेला सुट्टी असेल, एक दिवस आधी निघालात तर रजिस्टर दाखवतो.