मामांनी टाकलेली बावीस नावं गेली कुठे?

आज सकाळी मामांचा फोन. "अरे, काल रात्री बसून बावीस जणांची जमा टाकली. आत्ता उघडतोय तर एकही नाही. सगळं होतं तसंच!"

डोकं सणकलंय माझं.

मामांचं हार्डवेअरचं दुकान, उधारी एक्सेलमध्ये. तिच्यासाठी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत जेमतेम दीडशे ओळींचा प्रोग्राम लिहिला. एका संध्याकाळी झाला. मामांच्या मशीनवर पायथन नाही, म्हणून पायइन्स्टॉलर या फुकट साधनाने त्याची एक्सई, म्हणजे पायथनशिवाय डबल क्लिकवर चालणारी फाइल, करायला घेतली आणि तिच्यात चार रात्री गेल्या. चार!

आधी डबल क्लिक केलं की काळी खिडकी लुकलुकायची आणि गायब. कमांड प्रॉम्प्टमधून चालवली तेव्हा कळलं, एक्सेलच्या फाइली वाचणारं ओपनपायएक्सेल हे तयार कोडचं पॅकेज सापडत नाही. मी वापरलेलं पांडाज हे तक्ते हाताळणारं पॅकेज ते चालता चालता मागवतं, माझ्या कोडमध्ये त्याचं नावच नाही, म्हणून पायइन्स्टॉलरने ते घेतलंच नाही. हे मला कुठून कळणार होतं?

मग मामांच्या अँटिव्हायरसने फाइल उतरल्या उतरल्या उडवली. पायइन्स्टॉलर सगळ्यांच्या प्रोग्रामला तोच बूटलोडर, म्हणजे प्रोग्राम सुरू करून देणारा तुकडा, लावतो, व्हायरस लिहिणारेही तोच वापरतात, आणि संशय येतो माझ्यावर. कोड सायनिंगचं, म्हणजे प्रोग्रामवर आपली डिजिटल सही करायचं, सर्टिफिकेट घ्या म्हणे. त्याचे पैसे वेगळे, शिवाय जून २०२३ पासून त्याची की, म्हणजे सही करायची गुप्त किल्ली, हार्डवेअर टोकनसारख्या वेगळ्या सुरक्षित उपकरणातच ठेवावी लागते. एका दुकानाच्या उधारीसाठी हे सगळं?

आणि आता ही बावीस नावं. पायइन्स्टॉलरचा 'वनफाइल', म्हणजे सगळं एकाच फाइलमध्ये बांधायचा, पर्याय घेतला की एक्सई दर वेळी स्वतःला एका टेम्प, म्हणजे तात्पुरत्या, फोल्डरमध्ये उलगडते आणि बंद होताना तो फोल्डर पुसून टाकते. उधारीची फाइल मी एक्सईतच बांधली होती. मामांनी रात्री टाकलेलं सगळं त्या टेम्पमधल्या प्रतीत गेलं, खिडकी बंद केली की प्रतही गेली. सकाळी परत माझी मूळ फाइल. 'सेव्ह झालं' असं स्क्रीनवर आलेलं मामांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय!

डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय, मान्य. पायइन्स्टॉलर चालवणाऱ्यांवर माझा राग नाही, ते फुकटात राबतात. राग पायथनवर आहे. १९९१ सालची भाषा, शाळेतल्या पोरांना 'सोपी' म्हणून शिकवतात, आणि लिहिलेलं दुसऱ्याच्या हातात द्यायची सोय भाषेत नाही? गो नावाच्या दुसऱ्या भाषेत एक बिल्ड कमांड दिली की चालती फाइल मिळते. इथे मात्र प्रत्येकाने बाहेरचं हत्यार शोधायचं आणि त्याच खड्ड्यांत पडायचं.

उधारीची फाइल एक्सईच्या आत न बांधता शेजारी ठेवून नवीन एक्सई दुपारीच पाठवली. मामा आता पावत्या काढून एकेक नाव परत टाकतायत. सहा जणांनी रोख दिले होते, पावती न घेता. त्यांचे आकडे मामांना आठवत नाहीयेत.