एनसी झाली म्हणून पिशवी भरायची नसते

परवा काकांकडे गेलो, तर दाराशी कापडी पिशवी. आत दोन सदरे, पंचा, बीपीच्या गोळ्या. पार्किंगवरून शेजाऱ्याशी धक्काबुक्की झाली, शेजाऱ्याने ठाण्यात एनसी, म्हणजे किरकोळ गुन्ह्याची तक्रार, नोंदवली आणि पाठोपाठ सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: ‘नवीन कायदा! तक्रार होताच २४ तासांत अटक. वय बघत नाहीत. नोटीस व्हॉट्सअॅपवर येते. सरळ बेड्या.’ काका ६८ वर्षांचे. रात्रभर जागे होते.

अहो, एनसी म्हणजेच अदखलपात्र! त्यात वॉरंटशिवाय अटक नाही आणि न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपाससुद्धा नाही. दखलपात्र, म्हणजे वॉरंटशिवाय अटक करता येते असा गुन्हा असता तरी एफआयआर झाला की उचललं, असं नसतं. सुप्रीम कोर्टाने २०१४ साली अर्नेश कुमार खटल्यात हेच बजावलं. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का हवी, हे पोलिसांनी लिहून द्यायचं: माणूस पळून जाईल, पुरावा नष्ट करेल, साक्षीदारांना धमकावेल, पुन्हा गुन्हा करेल. यातलं काही नसेल तर नोटीस द्यायची आणि चौकशीला बोलवायचं. अटकेचा अधिकार आहे म्हणून अटक केलीच पाहिजे, असं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे मेसेजमधल्या त्या ‘नवीन कायद्या’च्या, कलम ३५ मध्येही हेच आहे.

‘वय बघत नाहीत’ हे तर धडधडीत खोटं. त्याच कलमात आहे की, तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा आणि आरोपी साठीपुढचा असेल, तर उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही. म्हणजे जो कायदा दाखवून म्हाताऱ्यांना घाबरवताय, त्यातच त्यांच्यासाठी कुंपण आहे.

२४ तास? ते अटकेनंतरचे. तेवढ्या वेळात न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. व्हॉट्सअॅपवरची नोटीसही चालत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये स्पष्ट केलंय.

बेड्यांचं मात्र अर्धं खरं. नव्या कायद्यात तशी तरतूद आहे, पण ती सराईत गुन्हेगार, खून, बलात्कार, दहशतवाद असल्या प्रकरणांसाठी. पार्किंगसाठी नाही. आणि हो, रीतसर आलेली नोटीस धुडकावली तर अटक होऊ शकते. नियम धाब्यावर बसवून उचलणारे पोलीसही असतात, ते मी नाकारत नाही.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. मेसेज पाठवणाऱ्या गृहस्थांच्या निळ्या टिक्स आल्या. उत्तर अजून नाही.