दाढ काढली म्हणून नजर जात नाही

घरच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी येणारा मेसेज असा: ‘खालच्या जबड्यात दाढेखाली एक भोक असतं. तिथली नस थेट डोळ्याला जाते. दाढ काढली की नजर अधू होते. लवंगेचं तेल लावा, दाढ काढू नका.’

यातलं भोक तेवढं खरं. तेही एक नाही, प्रत्येक बाजूला दोन. पहिलं जबड्याच्या मागच्या उभ्या भागात, आतल्या अंगाला. चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल नसेच्या तिसऱ्या शाखेचा एक फाटा तिथून हाडात शिरतो आणि बोगद्यातून, दाढांच्या मुळांखालून पुढे सरकतो. दुसरं भोक, मेंटल फोरामेन, उपदाढांच्या (सुळा आणि दाढा यांच्यामधल्या दातांच्या) खाली, बाहेरच्या अंगाला. (‘मेंटल’चा डोक्याशी संबंध नाही, लॅटिनमध्ये ‘मेंटुम’ म्हणजे हनुवटी.) इथून नस बाहेर येते ती खालच्या ओठाकडे आणि हनुवटीकडे. खालचा ओठ बाजूला करून उपदाढांच्या मुळांपाशी बोट जरा दाबून पाहा, बहुतेकांना तिथे बारीक कळ येते. डोळा राहिला वर!

दिसतं ते ऑप्टिक नसेमुळे, आणि तिची वाटच निराळी आहे. ट्रायजेमिनलची पहिली शाखा डोळ्याकडे जाते, कबूल. पण ती कचरा गेल्याचं सांगते, दिसण्याचं काम तिचं नाही. दाढेच्या ठणक्यात कानशीलही ठणकतं, कारण दोन्हीकडच्या वेदनेची नस एकच. गैरसमज बहुधा इथूनच निघाला असावा. त्यात दात पडण्याचं आणि मोतीबिंदूचं वय साधारण एकच.

अगदी क्वचित भुलीचं औषध रक्तवाहिनीत गेलं तर थोडा वेळ दोन-दोन दिसतं. पण तो सुईचा परिणाम, दाढ काढल्याचा नव्हे. भूल उतरली की बहुतेक वेळा तोही जातो.

लवंगेच्या तेलाने ठणका थांबतो, मुळाखालचा पू तिथेच राहतो.

खरा धोका मात्र मेसेजमध्ये नाहीच. अक्कलदाढेची मुळं त्या बोगद्याला टेकलेली असली, तर दाढ काढताना नस दुखावू शकते. मग त्या बाजूचा खालचा ओठ बधिर होतो. चहा हनुवटीवर ओघळतो आणि माणसाला पत्ता नसतो. बहुतेकांचा बधिरपणा काही आठवड्यांत-महिन्यांत ओसरतो, थोड्यांचा कायम राहतो. म्हणून आधी ओपीजी (दोन्ही जबडे एकत्र दाखवणारा) एक्स-रे काढतात, मुळं बोगद्यावर आलेली दिसली तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन. फारच चिकटून असतील, तर कधीकधी दाढेचा वरचा भाग कापून मुळं मुद्दाम आतच ठेवतात.